जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, तेही आतल्या विंडोजला हात न लावता

रत्नागिरीला बाबांकडे एक जुना लॅपटॉप आहे. पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आंब्याच्या पेट्यांचा सगळा हिशोब त्यातच, त्यामुळे बाबांची एकच अट होती: "माझ्या फायलींना धक्का लागता कामा नये." म्हणून लिनक्स बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर टाकायचं ठरवलं.

पहिल्या वेळी मी फसलो. इन्स्टॉल झालं, ड्राइव्ह काढला, लॅपटॉप सुरू केला, तर विंडोजऐवजी काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब'! बाबा काही बोलले नाहीत, पण मला घाम फुटला.

असं का होतं?

लॅपटॉप चालू करताना आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो आणि तो पुढे सिस्टिम सुरू करतो. यूईएफआय लॅपटॉपमध्ये तो डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतो. मिंट किंवा उबुंटूचा इन्स्टॉलर, आपण बाहेरचा ड्राइव्ह निवडला तरी, बऱ्याचदा आतल्या डिस्कचंच ईएफआय पार्टिशन वापरतो. म्हणजे लिनक्स बाहेर, बूटलोडर आत. ड्राइव्ह काढला की ग्रबला पुढच्या फायली सापडत नाहीत.

तुमचंही असं झालं तर घाबरू नका. बूट मेन्यूत 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, मग बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये तोच वर आणा. बाबांच्या फायली जशाच्या तशा होत्या.

दुसऱ्या वेळी असं केलं

१. आधी सगळ्या फायलींचा बॅकअप घेतला.

२. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती डाउनलोड करून बलेना एचरने ८ जीबी पेनड्राइव्हवर लिहिली. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

३. लिनक्ससाठी १२० जीबीची एसएसडी यूएसबी केसमध्ये घातली. साधा पेनड्राइव्हही चालतो, पण बारीकसारीक फायली लिहिताना तो फार रखडतो. यूएसबी ३ चा पोर्ट वापरा, तो बहुतेक निळा असतो.

४. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, आतली हार्ड डिस्कच बाहेर काढली. मागचे दोन-चार स्क्रू, बस. डिस्क निघत नसेल तर लाइव्ह मिंटमध्ये जीपार्टेड उघडून आतल्या ईएफआय पार्टिशनचे 'बूट' आणि 'ईएसपी' फ्लॅग काढा, आणि काम झाल्यावर आठवणीने परत लावा. मात्र डिस्क आतच असेल तर 'इरेज डिस्क'च्या वेळी दुप्पट सावध राहा.

५. पेनड्राइव्हवरून बूट केलं. त्यासाठी एफ-१२ किंवा एफ-९, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. आधी वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तपासलं. मग 'इरेज डिस्क' निवडताना ड्राइव्हचा आकार दोनदा बघितला.

६. डिस्क परत बसवली आणि बूट ऑर्डरमध्ये यूएसबी वर ठेवली.

आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीय. म्हणून इन्स्टॉल करताना इन्व्हर्टरवर लावला. लिनक्स चालू असताना केबल ओढायची नाही, हेही बाबांना बजावलंय.

आता ड्राइव्ह लावला की लिनक्स, काढला की विंडोज आणि पेट्यांचा हिशोब. एवढं एकच ध्यानात ठेवा: लिनक्स कुठे जातंय हे बघताच, त्याचा बूटलोडर कुठे जातोय तेही बघा.