रंगाआधी अर्थिंग

अमरावतीच्या आमच्या घरी २००६ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे. माझ्या बऱ्याच कविता त्यावरच टाइप झाल्या, त्यामुळे तो भंगारात द्यायला मन होत नाही. आतले भाग दोनदा बदलले, बाहेरचा पत्र्याचा डबा, म्हणजे कॅबिनेट, तेवढं जुनं राहिलं. त्यावर गंजाचे ठिपके आले होते. शिवाय अनवाणी पायांनी हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. शेजारी म्हणाले, 'रंग मारून टाका ना भाऊ, रंगातून करंट येत नाही.' पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्या मुलखातला मी माणूस. लागलो कामाला.

काम तसं अवघड नाही. आधी सगळ्या वायरी काढायच्या, आतले भाग बाहेर घ्यायचे, बाजूचे पत्रे सोडवायचे. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. गंज पॉलिश पेपरनं पार घासून काढायचा, बाकीच्या जुन्या रंगाची नुसती चकाकी घालवायची. मग साबणानं धुऊन लगेच कोरडं पुसायचं. पूर्णेच्या खोऱ्यात आपला खारपाण पट्टा आहे. तिथलं खारं पाणी पत्र्यावर तसंच वाळू दिलं, तर गंज पुन्हा हजर. समोरचा भाग प्लास्टिकचा असतो. त्याला थिनर लावू नये, प्लास्टिक विरघळतं.

यानंतर प्रायमरचा पातळ हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून हात सारखा फिरता ठेवायचा. थांबलात की ओघळ आलाच. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा रंग पसरण्याआधीच वाळून खरखरीत होतो, आणि स्प्रेचा डबा उन्हात राहिला तर फुटूही शकतो. पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढरट झाक येते. म्हणून दिवाळीनंतरची वारा नसलेली सकाळ बरी. मोकळ्या हवेत, सावलीत, विस्तवापासून दूर आणि नाकातोंडाला मास्क लावून.

मी उत्साहानं कडा, स्क्रूची भोकं, सगळंच रंगवलं. मुंग्या थांबल्या. आठ दिवस मी खुशीत होतो. नवव्या दिवशी नात मागच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावायला गेली आणि 'नाना!' म्हणून ओरडली. मागचा पत्रा मी रंगवलाच नव्हता.

माझा भाचा अकोल्याला वायरमन आहे. तो आला, टेस्टर लावला आणि म्हणाला, 'मामू, रंगानं करंट जात नाही. झाकल्या जाते.'

त्यानं समजावलं ते असं. वीजपुरवठ्याच्या पेटीत दोन छोटे कपॅसिटर धातूच्या अंगाला जोडलेले असतात. त्यांतून किंचित वीज पत्र्यावर येते आणि प्लगच्या तिसऱ्या, लांब पिनेतून जमिनीत जाते. ही वाट बंद असली की मुंग्या येतात. एवढ्यानं सहसा इजा होत नाही, पण तो इशारा असतो. उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर वीज हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढील. आमच्या बोर्डाला तिसरं भोक होतं, त्यामागे अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती! त्यात कडांवर रंग बसल्यानं बाजूच्या पत्र्यांचा सांगाड्याशी संबंधही तुटला होता.

भाच्यानं वायर जोडली. मी कडांचा आणि स्क्रूच्या जागांचा रंग खरवडला. त्या जागांवर आधीच चिकटपट्टी लावायला हवी होती. डब्याची आतली बाजू रंगवू नये, हवेची भोकं बुजू देऊ नयेत. अंगणातला अर्थिंगचा खड्डाही सांभाळावा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तेव्हा कोळसा-मीठ भरलेल्या त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं.

आता टेस्टर पेटत नाही. नात बिनधास्त हात लावते.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात. जू वाहून दुखावलेला खांदा आधी, शिंगांचा रंग दुसऱ्या दिवशी. हा क्रम मला लहानपणापासून ठाऊक होता. कॉम्प्युटरच्या वेळी तेवढा विसरलो.