जुन्या लेथची ओळख व निगा

कातारी लांकूड फिरवून त्यास पटाशीनें गोल आकार देतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. लेथ हें त्याच कल्पनेचें, परंतु धातूच्या कामासाठीं बनविलेलें यंत्र होय. भेद इतकाच कीं, कातारी आपलें हत्यार हातानें धरतो. धातूच्या लेथमध्यें तें एका घट्ट बैठकींत आवळतात आणि ती बैठकच सरळ रेषेंत सरकवितात. भेद दिसावयास लहान, पण सर्व मर्म त्यांतच आहे. हत्यार जितकें सरळ सरकेल तितकीच वस्तु खरी गोल व सारख्या जाडीची होणार. आणि हत्याराचें हें सरळ सरकणें यंत्राच्या खालच्या लांब तुळईवर, म्हणजे बेडवर, अवलंबून असतें. चक, मोटार, पट्टा, चाकें हीं सर्व बदलतां येतात. बेड बिघडला तर मात्र लेथ नांवापुरता उरतो.

असे जुने लेथ लहान कारखान्यांतून, शाळांच्या उद्योगशालांतून, क्वचित् एखाद्या घराच्या पडवींतही पडलेले आढळतात. बहुतेकांचा शेवट मोडीच्या दुकानांत होतो. जे तेथून वांचतात, त्यांतील कित्येकांचा घात हौशी मालकाच्या हातून होतो. आजोबांच्या वेळचें यंत्र म्हणून नातू मोठ्या प्रेमानें तें झाडावयास घेतो, एमरीचा कागद आणतो आणि एका दुपारीं बेड आरशासारखा लखलखीत करून सोडतो. पन्नास वर्षांच्या कामानें जेवढी झीज झाली नसेल तेवढी त्या दुपारीं होऊं शकते. गंजानें यंत्राचें रूप बिघडतें. अशा घासण्यानें त्याचें माप बिघडतें.

या बेडमागें किती विचार आहे, हें थोडें सांगितलें पाहिजे. हेन्री मॉड्स्ले (१७७१–१८३१) या इंग्रज कारागिरानें सुमारें १८०० सालीं बनविलेला आटे पाडण्याचा लेथ लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें जतन केलेला आहे. त्यांत हत्याराची बैठक एका लांब स्क्रूच्या योगानें सरकते. यासच आज लीड स्क्रू म्हणतात. काम फिरविणारा दांडा व हा स्क्रू दांतेरी चाकांनीं जोडलेले असल्यामुळें चाकें बदललीं कीं पडणाऱ्या आट्यांमधील अंतर बदलतें. पुढें मॉड्स्लेच्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं खरा सपाट पृष्ठभाग तयार करण्याची रीति विद्वानांपुढें मांडली. दोन पाट एकमेकांवर घासून जुळविले, तर एक फुगीर व दुसरा खोलगट असूनही ते जुळतात. म्हणून तीन पाट घ्यावे, त्यांवर रंग लावून आळीपाळीनें एकमेकांशीं ताडून पाहावे, आणि रंग जेथें लागेल तेवढाच उंचवटा हातानें खरवडून काढावा. तिन्ही पाट परस्परांशीं जुळले कीं ते सपाट असलेच पाहिजेत. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें प्रमेय कागदावर काढून पाहण्यासारखें आहे.

जुन्या चांगल्या लेथच्या सरकत्या भागांवर या खरवडण्याच्या बारीक, ठिपक्याठिपक्यांच्या खुणा दिसतात. नवशिक्याला त्या ओरखड्यांसारख्या वाटतात व तो त्या पुसून टाकावयास धांवतो. वास्तविक त्या सूक्ष्म खोलगट जागांतच तेल टिकतें, आणि त्या अद्याप दिसत असतील तर तो भाग फारसा झिजलेला नाहीं असें समजावें.

आतां ओळखीकडे वळूं. येथें नियम एकच: यंत्र आधीं वाचावें, मग धुवावें. वही घेऊन बसावें, चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, आणि जेथें जेथें अक्षर किंवा अंक दिसेल तेथून तो उतरून घ्यावा. कारखान्याचें नांव बहुधा बेडच्या किंवा पायांच्या ओतकामांतच उठावदार अक्षरांनीं असतें. पितळी पट्टीवर नमुन्याचा क्रमांक असतो. आणि यंत्राचा स्वतःचा अनुक्रमांक ठोकून उमटविलेला असतो. पितळी पट्टी दिसली कीं आपल्या घरांतील मंडळी चिंच घेऊन पुढें येतात! तसें करूं नये. पट्टीच्या खोलगट भागांत भरलेला मूळचा रंग निघून गेला, तर पुष्कळदां अक्षरेंही वाचतां येत नाहींत.

उदाहरणासाठीं एक प्रसिद्ध लेथ घेऊं. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत साऊथ बेंड या गांवीं जॉन व माईल्स ओब्रायन या जुळ्या भावांनीं १९०६ सालीं लेथचा कारखाना काढला. त्यांचा नऊ इंची लेथ विसाव्या शतकांत शाळांतून व लहान दुकानांतून फार पसरला. त्याचा अनुक्रमांक बेडच्या वरच्या अंगास, उजव्या टोकाशीं, म्हणजे टेलस्टॉककडे, ठोकलेला असतो. तेलाच्या खपलीखालीं तो सहज लपतो. या लेथचे 'ए', 'बी' व 'सी' असे तीन प्रकार झाले. डावीकडे बेडच्या पुढें खटके असलेली गिअरची पेटी असेल तर तो 'ए'. पेटी नाहीं, पण हत्यार आडवें सरकविण्याचें कामही यंत्रशक्तीनें होतें, असा 'बी'. ज्यांत आडवी चाल केवळ हातानेंच द्यावी लागते आणि आट्यांसाठीं चाकें एकेक करून बदलावीं लागतात, तो 'सी'. मात्र एका खुणेवर विसंबून राहूं नये. या तिघांचे कित्येक भाग एकमेकांस बसतात, त्यामुळें एकाचा बेड व दुसऱ्याची पेटी असा संसार कोणीतरी केव्हांच थाटलेला असतो. शिवाय याच घडणीवरून इंग्लंडांत हॅलिफॅक्स येथें बॉक्सफर्ड आणि ऑस्ट्रेलियांत ॲडलेड येथें हर्कस हे लेथ तयार झाले. दुरून पाहतां तीं भावंडेंच वाटतात.

नांवाची पट्टीच हरवली असेल तर काय करावें? अशा वेळीं बोल्टांना विचारावें. व्हिटवर्थनें १८४१ सालीं सुचविलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा आहे. अमेरिकेंत विल्यम सेलर्सनें १८६४ सालीं सुचविलेल्या आट्यांचा ६० अंशांचा. एवढा कोन डोळ्यांनीं ओळखणें कठीण, परंतु एक सोपी युक्ति आहे. पाव इंच, तीन अष्टमांश इंच, पाऊण इंच अशा नेहमींच्या मापांत दोन्ही पद्धतींची दर इंचामागील आट्यांची संख्या सारखीच असते. अर्ध्या इंचाचा बोल्ट मात्र वेगळा. ब्रिटिश बोल्टवर एका इंचांत १२ आटे, अमेरिकन बोल्टवर १३. म्हणून अर्ध्या इंचाचा बोल्ट शोधून पट्टीनें आटे मोजावे. एखादा बोल्ट मागाहून कोणी बदललेला असतो, यासाठीं दोनचार बोल्ट मोजावे. आटे मिलिमीटरच्या मापाचे निघाले तर यंत्र युरोप खंडांतील किंवा अलीकडच्या काळांतील असण्याचा संभव अधिक.

मापाच्या भाषेंतही देश कळतो. बेडवर जास्तींत जास्त जेवढ्या व्यासाची वस्तु फिरूं शकेल तें माप अमेरिकन लोक सांगतात. इंग्रज लोक बेडपासून मध्यापर्यंतची उंची सांगतात, म्हणजे बरोबर निम्मी. अमेरिकन नऊ इंची लेथ इंग्रजाच्या तोंडीं साडेचार इंची होतो. जाहिरात वाचून लेथ विकत घेणाऱ्या वडील मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. बेडवर उलट्या 'व्ही' अक्षरासारखे उंच कणे असणें ही बहुधा अमेरिकन घडणीची खूण. सपाट पट्ट्यांचा बेड जुन्या इंग्रजी लेथांत विशेष आढळतो. पायऱ्यापायऱ्यांची रुंद पुली असून मोटारीसाठीं कोठेंही जागा नसेल, तर तो लेथ छताजवळील लांब दांड्यावरून पट्ट्यानें चालत असे हें उघड आहे. आपल्याकडील जुन्या दुकानांत हरिहर येथें १९४१ सालीं निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचेही लेथ भेटतात. तो कारखाना आतां चालू नाहीं, परंतु त्याचीं यंत्रें कामांत आहेत.

ओळख पटल्यावर झीज तपासावी. बहुतेक काम चकच्या जवळ होतें, म्हणून बेड तेथेंच अधिक झिजतो. हत्याराची बैठक चकजवळ आणून ती आवळण्याचा स्क्रू थोडासा, म्हणजे बैठक जेमतेम हलेल इतपत, आवळावा व ती उजवीकडे ढकलीत न्यावी. ती पुढें जातां जातां अडूं लागली तर डाव्या बाजूचा बेड तेवढा झिजलेला आहे. चाकांचे दांत एकेक करून पाहावे. घट्ट बसलेला चक सोडवितांना दांडा फिरूं नये म्हणून कांहीं लोक बॅक गिअर अडकवून ठेवतात व जोर लावतात. दांडा थांबतो खरा, पण दोनतीन दांत तुटून पडतात! हा अपघात जुन्या लेथांत इतका नेहमींचा आहे कीं, अशा जागीं डाग दिलेले दांत हमखास तपासावे.

आतां स्वच्छता. रॉकेल, मऊ ब्रश व सुती चिंध्या एवढें साहित्य पुष्कळ झालें. खपली जाड असेल तर ती रॉकेलानें रात्रभर भिजूं द्यावी व लांकडाच्या किंवा पितळेच्या पातळ पट्टीनें उचलावी. पितळ बिडाहून मऊ असल्यामुळें बेडला ओरखडा पडत नाहीं. रॉकेल वापरतांना खिडक्या उघड्या ठेवाव्या व जवळपास दिवा किंवा विडी नसावी. एमरीचा कागद बेडवर कदापि लावूं नये. त्याची कणी बिडाच्या सूक्ष्म छिद्रांत रुतून बसते आणि पुढें वर्षानुवर्षें कानशीचें काम करीत राहते. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवूं नये. मुलांच्या हातीं तर हें काम मुळींच देऊं नये. एखादा भाग सोडविला तर त्याचे स्क्रू त्याच्याच पिशवींत घालून वर चिठ्ठी लावावी. नऊ इंची साऊथ बेंडसारख्या यंत्रांत हेडस्टॉकमधील मुख्य दांड्याखालीं तेल वर ओढून घेणाऱ्या लोंकरी वाती असतात. समईची वात तेल चढविते तशाच. दांडा बाहेर काढण्यापूर्वीं त्या खालीं दाबून धराव्या लागतात, नाहींतर तुटतात.

या वातींविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण तेलाच्या बाबतींत चांगल्या हेतूनें मोठी चूक होते. जुनें यंत्र म्हणून लोक त्यास दाट तेल घालतात. दाट तेल वातींतून चढत नाहीं. तेलपात्र भरलेलें दिसतें आणि वर दांडा कोरडा फिरून तापतो. मुख्य दांड्यास पातळ स्पिंडल तेल व बेडला त्याहून दाट, ६८ क्रमांकाचें बेडचें तेल, असा भेद ठेवावा. वाती मळून कडक झाल्या असतील तर नव्या घालाव्या. बेड दररोज कामानंतर पुसावा व लगेच तेलाचा पातळ थर द्यावा. आपल्या कोंकणांतल्या पावसाळ्यांत उघडा बीड एका रात्रींत तांबडा होतो, म्हणून तेथें हें विशेष सांभाळावें. झांकण्यास प्लॅस्टिकचा कागद वापरूं नये. त्याच्या आंत दंव धरतें. जाड सुती कापड तेलानें किंचित् ओलसर करून घालणें उत्तम.

यंत्र चालूं लागलें कीं सावधगिरीची गोष्ट येते. चकची किल्ली चकमध्यें ठेवून हात काढूं नये. सैल बाही, ओढणी, पदर, आंगठी, हातमोजे यांपैकीं कांहींही फिरत्या दांड्याजवळ नको. धातूचा लांब कीस हातानें ओढूं नये, तो सुरीसारखा कापतो. ज्या लेथचा चक आट्यांनीं दांड्यावर बसविलेला असतो, तो उलट्या दिशेनें वेगानें फिरविल्यास चक सुटून अंगावर येण्याचा धोका असतो. जुन्या मोटारीची तार कुजलेली असते. तिला जमिनीची तार जोडलेली आहे कीं नाहीं हें जाणत्याकडून पाहून घेतल्याशिवाय बटण दाबूं नये.

शेवटीं बेड पिळलेला नाहीं ना, हें पाहावें. बेड एवढा जाड दिसतो कीं तो पिळतो हें खरेंही वाटत नाहीं. परंतु जमीन असमान असेल व पाय तसेच आवळले असतील, तर तो थोडासा पिळतोच. चकमध्यें सुमारें एक इंच जाडीची सळई धरावी व ती पांचएक इंच बाहेर ठेवावी. टेलस्टॉकचा आधार देऊं नये. सळईचा मधला भाग कमी करून दोन्ही टोकांस दोन कंकणें राखावीं. मग हत्याराचें आडवें माप न बदलतां दोन्हींवरून एकेक हलका काप घ्यावा आणि सूक्ष्ममापकानें व्यास मोजावे. दोन्ही सारखे आले तर बेड सरळ. फरक आला तर टेलस्टॉककडील एका पायाखालीं पातळ पत्रा सरकवून पुन्हां काप घ्यावा, पुन्हां मोजावें. फरक अर्ध्या सहस्रांश इंचाच्या आंत आला कीं पायांचे बोल्ट सावकाश आवळावे आणि तेंच माप आणखी एकदां घ्यावें. कारण बोल्ट आवळतांना बेड पुन्हां पिळला जाण्याचा संभव असतो.