ड्रायरचा थर्मल फ्यूज : बदलण्याआधी नळी तपासा

लॉन्ड्रीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बांधवांना पावसाळ्यात ड्रायरचाच आधार असतो. नेमके त्याच दिवसांत यंत्र बंद पडले की गिऱ्हाइकांचे गठ्ठे ओले पडून राहतात. घाईने कारागीर बोलावला जातो, तो थर्मल फ्यूज उडाल्याचे सांगतो, दोन वायरी एकमेकींना जोडून 'डायरेक्ट' करून देतो आणि पाच मिनिटांत मजुरी घेऊन जातो. आमचे स्पष्ट मत आहे की, असे काम कारागिराने करू नये आणि मालकाने करवून घेऊ नये.

बोर्डावरचा फ्यूज जादा करंटने उडतो, थर्मल फ्यूज उष्णतेने. ड्रायरमध्ये थर्मोस्टॅट हीटर चालू-बंद करीत असतो. तो बिघडला किंवा हवा अडली तर उष्णता वाढत जाते, आणि ठरलेल्या अंशावर थर्मल फ्यूजचा संपर्क कायमचा तुटतो. तो पुन्हा जुळत नाही, म्हणून बदलावाच लागतो. व्हर्लपूलच्या अमेरिकेत खपणाऱ्या अनेक ड्रायरमध्ये पंख्याच्या डब्यावरचा फ्यूज ९१ अंश सेल्सिअसला तुटतो, तर हीटरजवळचा कटऑफ १७८ अंशांना. दोन्ही दिसायला लहानच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बाजारात मिळेल तो बसवू नये. यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि जुन्या फ्यूजवरचा अंश पाहूनच घ्यावा.

काही यंत्रांत फ्यूज उडाला की मोटरच फिरत नाही. काहींत ड्रम फिरतो, पण कपडे थंडच राहतात. तेव्हा लक्षणावरून अंदाज न बांधता मीटर लावावा. आधी प्लग काढावा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. मागचे पत्रे उघडून फ्यूजच्या वायरी सोडवाव्यात आणि दोन्ही टोकांना मीटर लावावा. चांगला फ्यूज शून्याच्या जवळ रोध दाखवतो, उडालेला काहीच दाखवत नाही. वायरींचे थिंबल सैल किंवा काळे पडले असतील तर तेही बदलावेत. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर सुमारे ९ अँपिअर खेचतो. एवढ्या करंटला सैल जोड तापल्यावाचून राहत नाही.

नवा फ्यूज बसवून काम संपले, असे मात्र समजू नये. तो उडाला कशाने? बहुतेक वेळा उत्तर हवा बाहेर टाकणाऱ्या नळीतच सापडते. टॉवेल आणि चादरींतून सुटणारे कापसाचे तंतू जाळीतून निसटून नळीत, पंख्यात आणि हीटरच्या आसपास साचतात. यंत्र भिंतीला टेकवले की नळी चेपते, ती वेगळीच अडचण. गरम हवेला वाट मिळत नाही आणि हे तंतू तर काडी लावताच पेटणारे. फ्यूज डायरेक्ट केलेला असेल तर अशा वेळी यंत्राला थांबवणारे शेवटचे साधनच उरत नाही. आणि जळणारा माल दुकानदाराचा नसतो, गिऱ्हाइकांचा असतो!

म्हणून नळी काढून आतून साफ करावी. प्लॅस्टिकची असेल तर धातूची बसवावी. यंत्र चालू करून बाहेरच्या तोंडाशी हात धरावा, झोत जोरात लागला पाहिजे. नळी मोकळी असूनही नवा फ्यूज उडाला, तर थर्मोस्टॅट चिकटला आहे का किंवा हीटरची तार पत्र्याला टेकली आहे का, ते पाहावे. जाळी प्रत्येक घाण्यानंतर झाडावी. हॉटेलची तेलकट फडकी गरम असताना ढीग करून ठेवू नयेत, ती आपोआपही पेट घेतात.

कारागीर बांधवांनी बिलात फ्यूजची किंमत आणि नळी साफ केल्याची मजुरी वेगवेगळी लिहावी, आणि उडालेला जुना फ्यूज मालकाच्या हाती द्यावा.