शेवट ठाऊक होता, तरीही…

एखादी दीर्घ मालिका संपली की त्या रात्री घराघरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो : ‘हे असेच होणार, हे ठाऊकच होते.’ दुकान वाढवून आलेली मंडळी, स्वयंपाकघर आवरून बसलेल्या गृहिणी आणि अभ्यास बाजूला सारलेली नातवंडे, सारेच काहीसे खट्टू होऊन उठतात. अद्भुताच्या मालिकांबाबत ही खंत अधिक तीव्र असते. कारण तेथे प्रेक्षकाला विस्मयाचे आश्वासन दिलेले असते. परंतु शेवट आधीच ओळखता आला, हेच या खंतीचे खरे कारण आहे काय?

जगभर गाजलेले उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे. अमेरिकेतील एचबीओ वाहिनीने एप्रिल २०११ मध्ये ही मालिका सुरू केली. अग्नी ओकणारे ड्रॅगन, मृतांची सेना आणि एका सिंहासनासाठी झुंजणारी राजघराणी असा तिचा पसारा. पहिले सहा हंगाम प्रत्येकी १० भागांचे, सातवा ७ भागांचा आणि आठवा अवघा ६ भागांचा. १९ मे २०१९ रोजी ती संपली आणि नाराजीचा भडका उडाला. अखेरचा हंगाम नव्याने करावा, या मागणीच्या ऑनलाइन अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कोणी म्हणाले, शेवट आधीच दिसत होता. कोणी म्हणाले, तो अगदीच अनपेक्षित आणि म्हणून अन्यायकारक होता. दोन्ही तक्रारी परस्परविरुद्ध, पण त्यांच्या मुळाशी दुखणे एकच होते. ज्या कादंबऱ्यांवर मालिका बेतली होती, त्यांतील पाचवी २०११ मध्ये आली. सहावी येण्यापूर्वीच मालिका कथेच्या पुढे निघून गेली. वर्षानुवर्षे संथपणे उकललेली माणसे शेवटी घाईघाईने ठरलेल्या मुक्कामी नेऊन बसवली गेली. मुक्कामापेक्षा वाटेवरची ही ओढाताण लोकांना बोचली.

आपल्या मराठीत याचा पडताळा एकाच मालिकेच्या दोन पर्वांत मिळतो. झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये सुरू झाली. सिंधुदुर्गातील आकेरीच्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. अण्णा नाईकांच्या मृत्यूने कथेला आरंभ होतो आणि वाड्यातील गूढ घटनांमागे कोण, या प्रश्नावर महिनोन् महिने धास्ती टिकवली जाते. त्याच वर्षी ऑक्टोबरात रहस्य उलगडले, तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला. कुतूहल जेवढे ताणले होते, तेवढे उत्तर भरले नाही.

२०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाची कथा मात्र पहिल्याच्या आधीच्या काळातील. अण्णा मरणार, हे येथे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घरोघरी पोहोचली. अण्णांचे काय होणार, हा प्रश्नच उरला नव्हता. एक माणूस आपल्या कर्मांनी त्या शेवटाकडे पावलापावलाने कसा जातो, हे पाहण्यासाठी लोक बसत होते.

सांगलीकरांना तर हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. धनुष्य कोण भंगणार, हे त्या प्रेक्षकांतील लहान मुलालाही माहीत होते. तरीही सूत्रधाराची पदे, पात्रांचा थाट आणि आरडाओरडा करीत येणारे राक्षस पाहण्यास लोक लोटले. त्याच स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो. मराठी नाटकाचा पायाच अशा रीतीने सर्वांना ठाऊक असलेल्या शेवटावर घातला गेला. सातारा जिल्ह्यात कराड तालुक्यातील पाली येथे दरवर्षी पौषात खंडोबा-म्हाळसेचा विवाह होतो. वधूवर तेच, भंडारा तोच. आणि माणसांची गर्दीही तशीच.

आयुष्य बँकेत गेल्याने एक दाखला सहज सुचतो. मुदत ठेवीच्या पावतीवर मुदतीअंती मिळणारी रक्कम पहिल्याच दिवशी लिहिलेली असते. ती आधी कळली म्हणून कोणी ठेवीदार रुसत नाही. तक्रार होते ती लिहिल्याहून कमी पदरात पडले तर. प्रेक्षकही आपली ठेव ठेवतो. ती पैशांची नसून वेळेची असते. रोज अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस असा वर्षभराचा हिशेब मांडला, तर दीडशेहून अधिक तास होतात. मुदतीअंती एवढ्या तासांचे मोल भरून न मिळाल्यास माणूस दुखावतो, आणि त्या दुःखाला ‘शेवट ठाऊकच होता’ हे नाव देतो.

हे मोल का भरत नाही, याचे उत्तर बरेचसे व्यवहारात आहे. दैनंदिन मालिकेची कथा पूर्ण लिहून क्वचितच हाती घेतली जाते. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते चढते असले की कथा पाणी घालून वाढवली जाते; उतरले की थोड्या दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो. ताणलेली कथा आणि उरकलेला शेवट ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. माल तोच ठेवून वजनात खेळ करणारा व्यापारी गिऱ्हाईक किती दिवस टिकवील, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

म्हणून मालिका संपल्यावर घरातील तरुण मंडळी चिडली, तर ‘खोट्या गोष्टीसाठी एवढे काय मनावर घेतोस’ असे म्हणून त्यांना उडवून लावू नये. कथा सांगणाऱ्याने दिलेला शब्द पाळावा, ही त्यांची अपेक्षा रास्त आहे. आजीची गोष्ट शंभरदा ऐकूनही मूल पुन्हा तीच मागते. शेवट त्याला पाठ असतो. मात्र आजीने झोपेच्या भरात मधला प्रसंग गाळला, तर ते तिला लगेच हलवून जागे करते. मालिकाकर्त्यांवर रागावलेला प्रेक्षक याहून निराळे काय करीत असतो?