सोमवार वगळून दिल्ली

दिल्लीचा पहिला बेत आखायचा तर आधी कॅलेंडर काढावं, नकाशा नंतर. लाल किल्ला सोमवारी बंद. राष्ट्रीय संग्रहालय, कमळ मंदिर, अक्षरधाम, तीन मूर्तीमधलं प्रधानमंत्री संग्रहालय, चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय, सगळं सोमवारी बंद. चांदणी चौकातली बहुतेक दुकानं रविवारी उघडत नाहीत आणि ताजमहालाची सुट्टी शुक्रवारी. शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडून आलेली मंडळी मी दर हिवाळ्यात बघते. दोन दिवस गर्दीत जातात आणि तिसऱ्या दिवशी दारावर कुलूप. म्हणून सांगलीहून मावशी आणि काका पहिल्यांदाच दिल्लीला येणार असं ठरलं, तेव्हा मी एकच गोष्ट धरून ठेवली : बुधवारी उतरायचं आणि शनिवारी परतीची गाडी धरायची.

महिना फेब्रुवारी. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात, प्रजासत्ताक दिनाच्या तालमींसाठी कर्तव्यपथाकडचे रस्ते बंद होतात. दिवाळीनंतरचे काही आठवडे हवा इतकी खराब असते की साठीपुढच्या माणसाला मी तेव्हा बोलावणार नाही. मे-जूनचं तर विचारूच नका.

गोवा एक्स्प्रेस सांगलीहून थेट हजरत निजामुद्दीनला येते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं. काका मिरजेला रेल्वेत होते, त्यामुळे गाडीची बाजू त्यांनी माझ्या हाती दिलीच नाही. मी फक्त एवढं म्हटलं की दोन रात्री गाडीत काढून सकाळी उतरलेल्या माणसाला त्या दिवशी दुपारपर्यंत कुठेही न्यायचं नाही. आंघोळ, जेवण, झोप. सहलीच्या छापील पत्रकांत पहिल्याच सकाळी तीन ठिकाणं घातलेली असतात आणि त्यातलं एकही नंतर नीट आठवत नाही.

मावशीने वहीच्या पानावर यादी करून फोटो पाठवला. शाळेत तिने इतिहास शिकवला, त्यामुळे यादी लांबच होती. दिल्लीतली पंधरा-सोळा ठिकाणं आणि खाली रेघ मारून आग्रा, मथुरा, हरिद्वार. मी फोन केला.

"अगं, एवढं लांब येतोय. महाराज जिथून निसटले ते आग्रा सोडायचं?"

तिचं म्हणणं मला पटत होतं. तरी मी नाही म्हटलं. आग्र्याला जाऊन यायचं तर अख्खा दिवस लागतो, आणि हातात होते धड तीन दिवस. त्यातला एक दिला की दिल्ली गाडीच्या खिडकीतूनच बघायची. "मग आग्र्यासाठी पुन्हा यायचं, वेगळं," असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि रेघेखालचं सगळं खोडलं.

मग नकाशा. पहिल्यांदा येणाऱ्याला लाल किल्ला आणि कुतुबमिनार एकाच शहरात आहेत म्हणजे जवळ असतील असं वाटतं. दोन्हींमध्ये पंधरा किलोमीटरहून जास्त अंतर आहे. दक्षिणेला कुतुब, उत्तरेला शाहजहानने वसवलेलं शाहजहानाबाद, आणि मधे इंग्रजांची नवी दिल्ली. राजधानी कोलकात्याहून इथे हलवण्याची घोषणा १९११ च्या दरबारात झाली, आणि नव्या शहराचं उद्घाटन व्हायला १९३१ साल उजाडलं. तीन काळांची ही तीन गावं आहेत, आणि अर्ध्या दिवसात एकच गाव घ्यायचं हा माझा नियम. सकाळी एक, मग जेवण आणि विसावा, संध्याकाळी दुसरं. रस्त्यात गेलेला वेळ कोणी यादीत लिहीत नाही, पण थकवा सगळा तिथलाच असतो.

मेट्रोची जांभळी मार्गिका पहिल्या फेरीसाठी फार सोयीची. लाल किला, जामा मस्जिद, दिल्ली गेट, मग जनपथ, केंद्रीय सचिवालय, खान मार्केट, जवाहरलाल नेहरू स्टेडियम अशी ती सरळ खाली उतरते. गाडी बदलावी लागत नाही. राजीव चौकात बदलायची वेळ आली तर संध्याकाळी नको, तिथल्या लोंढ्यात नवखं माणूस बावरतं. पहिला डबा बायकांचा असतो, पण दोघंच जण फिरत असतील तर एकत्रच बसावं. हॉटेलात उतरणाऱ्यांनाही मी हेच सांगते की खोली थोडी लहान चालेल, मेट्रो स्टेशन पायी गाठता आलं पाहिजे.

वडीलधारी माणसं येणार असली की मी आधी एकदा जाऊन, चालून येते. फोटोत चढ दिसत नाहीत. काकांचे गुडघे दुखतात, म्हणून हुमायूनच्या मकबऱ्याला मी फक्त पायऱ्या बघायला गेले. तिकिटानंतर उजव्या हाताला ईसा खानाची अष्टकोनी कबर, हुमायूनच्या मकबऱ्याच्याही आधीची, १५४७ च्या सुमाराची. तिथून पुढे एक दरवाजा, मग पश्चिमेचा उंच दरवाजा, आणि त्या कमानीतून समोर लाल दगड आणि पांढरा घुमट एकदम दिसतो. इथवर सगळं सपाट. पण चौथऱ्यावर जाणारा जिना कमानीच्या आत आहे, खडा, आणि एकेक पायरी घरच्या जिन्यापेक्षा बरीच उंच. मी एकदा चढून उतरले तेवढ्यात मांड्या भरून आल्या. काकांना वर न्यायचं नाही, हे तिथेच ठरलं. खाली बागेतून पाण्याच्या पाटाकडेनं मकबरा उलट जास्त चांगला दिसतो, आणि पश्चिमेची बाजू असल्यामुळे दुपारनंतर ऊन थेट त्या भिंतीवर येतं. म्हणून बुधवारची दुपार तिथे. मावशी वर जाऊन आली आणि खाली येऊन काकांना १८५७ मध्ये बहादूरशाह जफर इथेच कसा पकडला गेला ते सांगत बसली. दुसरं ठिकाण त्या दिवशी घेतलंच नाही.

लाल किल्ल्यावर गुरुवारी उघडायच्या वेळीच पोचलो. तपासणीची रांग तेव्हा आखूड असते. लाहोरी दरवाज्यापासून छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम ओलांडून दिवाण-ए-खासपर्यंत जवळपास अर्धा किलोमीटर चाल आहे, आणि तेवढंच परत. मराठी माणसाने दिवाण-ए-खाससाठी वेळ राखून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा इथल्या छताची चांदी काढून फौजेच्या खर्चाला लावली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. मावशीने ही गोष्ट वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून सांगितली होती. आता ती त्या खांबांपाशी मान वर करून उभी होती, आणि मी वेळापत्रकातली पुढची अर्धी ओळ खुशाल खोडली. चांदणी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, त्यामुळे शीशगंज गुरुद्वारापर्यंत सावकाश चालत जाता आलं.

शुक्रवारी राष्ट्रपती भवन. त्याची नोंदणी घरी बसून आधीच करावी लागते आणि ज्या ओळखपत्रावर केली तेच सोबत हवं. नंतर बांगला साहिबच्या लंगरात जेवण. दुपारी गांधी स्मृतीत गांधीजींची शेवटची पावलं जमिनीवर सिमेंटमध्ये जपली आहेत, तिथे दोघं बराच वेळ रेंगाळली. संध्याकाळी राष्ट्रीय युद्ध स्मारक.

शनिवारची सकाळ मी कुतुबमिनारसाठी ठेवली होती. शुक्रवारी रात्री काका म्हणाले, "तुझा बेत मोडत नसेल तर मला ते रेल्वेचं म्युझियम बघायचंय." यादीत ते नव्हतं, कारण यादी मावशीने केली होती. कुतुब सोडला. पटियाळा संस्थानची १९०७ सालची मोनोरेल तिथे उभी आहे : खाली एकच रूळ आणि तोल धरायला बाजूला रस्त्यावर टेकणारं मोठं चाक. काका तिच्याभोवती फिरले, वाकून चाकाचा आस बघितला, मला बोलावून वजन कुठे कसं पडतं ते दाखवलं. निजामुद्दीनला गाडी सुटायच्या तासभर आधी पोचलो. फलाटावर मावशीने वही काढली आणि नव्या पानावर आग्रा आणि कुतुबमिनार लिहून घेतलं.