लेबलावर अजून धुळेच आहे

आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने यंदापासून टेरिडोफाइट्सची, म्हणजे नेचे आणि त्यांच्या भाऊबंदांची, प्रॅक्टिकल्स तयार स्लाइड आणि व्हिडिओवर उरकायचं ठरवलं आहे. सेलाजिनेलाचा शंकू सुईने फोडायचा आणि बीजाणू स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे, हे आता मुलांच्या वाट्याला येणार नाही. मला हे फार लागलं.

जुन्या इतिहासात या वनस्पतींसाठी खानदेशाकडे कुणी फारसं वळलं नाही. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (1901–08) फुलझाडांचा. ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांचं नेच्यांवरचं पुस्तक 1922 चं. पुढे प्रा. टी. एस. महाबळे यांनी पुण्यात या अभ्यासाला वजन दिलं, पण पुणे आम्हाला लांब होतं.

15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि धुळे-जळगावच्या प्राध्यापकांना आपल्याच डोंगरावर काम करायचं बळ आलं. त्या दशकाबद्दल मी आजही भरभरून बोलतो. भाद्रपदात शहाद्याहून एस.टी. धरायची, सातपायरीचा घाट चढायचा, तोरणमाळला उतरून सीताखाईच्या कडेकडेने ओल्या दरडी बघत जायचं. खरा लायकोपोडियम आमच्या कोरड्या डोंगरात कधी भेटला नाही. तो फॉर्मालिनच्या बरणीतच पाहिला. त्याची बहीण सेलाजिनेला मात्र दरडीला हिरवी साय धरावी तशी चिकटलेली असायची. वाट दाखवायला पावरा आदिवासी पोरं पुढे असत. कुठल्या घळीत ओल शेवटपर्यंत टिकते हे त्यांच्याइतकं आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि एकाही प्रबंधात त्यांचे आभार मानलेले मी वाचले नाहीत.

सेलाजिनेलात बीजाणू दोन प्रकारचे. मोठे, बहुधा एका धानीत चारच, नुसत्या भिंगाखालीही दिसणारे. आणि लहान, धुळीसारखे असंख्य. दोन्हींवर तीन रेघांची खूण, कारण चौघे एकमेकांना चिकटून जन्माला येतात. जाती ओळखायच्या त्या कवचाच्या नक्षीवरून: जाळी, गाठी, काटे, कंगोरे. सेलाजिनेलाच्याच गोतातली, पाचगणीच्या पठारावरची आयसोएटीस पॅन्चगॅनिएन्सिस 1993 साली वेगळी जात म्हणून प्रसिद्ध झाली. त्या कुळात पानं जवळजवळ सारखी, म्हणून मोठ्या बीजाणूचं कवच नीट पाहिल्याशिवाय नाव देता येत नाही. आम्ही ती बातमी वाचून हरखलो होतो.

हे कवच स्वच्छ दिसावं म्हणून एर्टमनच्या पद्धतीने नऊ भाग अ‍ॅसेटिक अनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक अ‍ॅसिड. त्यात बीजाणू तापवले की आतला जीवद्रव्याचा भाग नष्ट होऊन कवच तेवढं उरतं. पण या प्रक्रियेत बीजाणूंचा आकार बदलतो, काही नेच्यांचं बाहेरचं पातळ आवरणही निघून जातं. म्हणून माप कुठल्या अवस्थेत घेतलं ते लिहावंच लागतं.

इथेच पुढच्या काळाशी माझं भांडण आहे. 2010 साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची एपीआय पद्धत आणली आणि शोधनिबंधांचा पूर आला. कित्येकांत व्यासाचं कोष्टक असतं, पण बीजाणू अ‍ॅसिडातून काढले होते का ते नसतं, आणि वाळवून जपलेल्या नमुन्याच्या कुठल्या शीटवरून घेतले हेही नसतं. अशा दोन कोष्टकांची तुलना करताच येत नाही. डोंगर न चढता डोंगराचं नाव लावलेलं हे काम मला मान्य नाही. सह्याद्रीतल्या 39 जागांना 2012 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाल्यावर तर सगळ्यांचे डोळे तिकडेच लागले. आमच्या सातपुड्यावर जे थोडं लक्ष होतं तेही ओसरलं.

1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तोरणमाळ तिकडे गेलं. त्याआधीच्या शीटच्या लेबलांवर अजून 'जिल्हा धुळे' आहे. पाहणीची समिती येणार म्हणून कपाटं आवरताना अशा शीट रद्दीत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वाळलेल्या शंकूतले बीजाणू तीस वर्षांनीही अ‍ॅसिडातून काढून पुन्हा मोजता येतात, कवच इतकं चिवट असतं. आधीचं माप बरोबर होतं की चूक, हे तपासायचा तेवढाच मार्ग आहे. पुण्यात 1955 पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. आपल्याकडे सांभाळणं होत नसेल तर उरलेल्या शीट तिकडे द्याव्यात, असं पत्र धुळे-जळगावच्या विभागप्रमुखांनी पुढच्या आवराआवरीच्या आत लिहायला हवं.