पदासोबत मिळणारे घर

नोकरीसोबत मिळणारे आणि निवृत्तीनंतर रिकामे करावे लागणारे घर देवनारकरांना नवे नाही. शेजारचे अणुशक्तीनगर याच तत्त्वावर वसले आहे. स्कॉटलंडमध्ये अशीच व्यवस्था गावोगावच्या ख्रिस्ती पाळकांसाठी शतकानुशतके रूढ होती. पाळकाच्या या निवासाला तेथे ‘मॅन्स’ म्हणतात.

मॅन्स बांधून देण्याची जबाबदारी १६६३ च्या कायद्याने स्थानिक जमीनदारांवर टाकली. खर्च जमीनदारांचा, वास्तव्य पाळकाचे आणि हक्क पदाचा, अशी ही विभागणी होती. सोबत ‘ग्लीब’ नावाची जमीनही मिळे. आपल्याकडील पुजाऱ्याच्या इनाम जमिनीशी तिचे साम्य आहे. पाळक शेतीही करीत असल्याने घरालगत गोठा व तबेला असे.

अठराव्या शतकातील मॅन्सची रचना साधी व प्रमाणबद्ध होती. दर्शनी भागी मधोमध दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी आणि वरच्या मजल्यावर तीन खिडक्या. ओबडधोबड दगडी भिंतींना पावसापासून जपणारा चुन्याचा खरबरीत गिलावा, पाटीच्या दगडाचे उतरते छप्पर आणि दोन्ही टोकांना धुराडी. आत प्रवचने लिहिण्यासाठी अभ्यासिका असे. जमीनदाराच्या वाड्याहून लहान आणि शेतकऱ्याच्या घराहून मोठी अशी ही वास्तू पाळकाचे सामाजिक स्थानच दर्शवीत असे.

मात्र घर बांधणारेच पाळक नेमण्याचा अधिकार सांगू लागले, तर काय करावे? याच वादातून १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. सुमारे ४७४ पाळकांनी पद सोडले. पदासोबत वेतन, जमीन आणि राहते घरही गेले. या पाळकांच्या ‘फ्री चर्च’ने पुढे वर्गणीतून स्वतःची चर्चे आणि मॅन्स उभारली.

या फुटीची झळ मुंबईलाही पोहोचली. १८२९ मध्ये येथे आलेले आणि १८३२ मध्ये शाळा सुरू करणारे जॉन विल्सन फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. परिणामी शाळेच्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले. शिक्षणकार्य मात्र थांबले नाही. त्याच संस्थेचे पुढे विल्सन महाविद्यालय झाले. गिरगाव चौपाटीसमोरील त्याची वास्तू १८८९ मध्ये उभी राहिली.

आज स्कॉटलंडमधील अनेक मॅन्स खासगी मालकीची घरे झाली आहेत. ‘ओल्ड मॅन्स’ ही दारावरची पाटी तेवढी जुन्या व्यवस्थेची आठवण देते.